म्हातारपणाची हाडे आणि कॅल्शिअमची गोळी

वैरागच्या बाजारपेठेत औषधांच्या दुकानी घटकाभर उभे राहिले, तर कॅल्शिअमच्या गोळ्यांची पाकिटे नेणारे पुष्कळ लोक दृष्टीस पडतात. आजीची कंबर धरली, की मुलगा बाजाराच्या दिवशी एक पाकीट आणतो व आपले कर्तव्य पार पडले असे मानतो. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार विद्यार्थ्यांनी व पालकांनी मिळून करावा, असे आम्हांस वाटते.

हाड म्हणजे निर्जीव तुळई नव्हे. ते नित्य झिजते व नित्य भरून येते. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शिअम हाडांत व दातांत असते. आहारात ते उणे पडले, म्हणजे शरीर हाडांतूनच उसने काढते. तिशीच्या सुमारापर्यंत जमेची बाजू भारी असते. उतारवयात खर्चाची होते. स्त्रियांचा ऋतुकाल संपल्यावर तर काही वर्षे ही झीज फार वेगाने होते. विशेष हे, की अशी झीज बहुधा दुखत नाही. म्हातारी मोरीत घसरते व खुब्याचे हाड मोडते, तेव्हा कोठे घरच्यांस ती कळते.

मग गोळीने कार्य होते काय? फ्रान्समधील वृद्धाश्रमांत राहणाऱ्या ३२७० स्त्रियांवरील एक प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांस कॅल्शिअम व ड जीवनसत्त्व मिळाले, त्यांच्यात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण बरेच घटले. उलट, अमेरिकेतील ३६,२८२ स्त्रियांवरील २००६ सालच्या प्रयोगात हाडांची घनता किंचित वाढली, खुब्याचे हाड मोडणे म्हणण्यासारखे घटले नाही, आणि मूतखडा मात्र अधिक जणींस झाला. यात विरोध नाही. पहिल्या स्त्रिया अतिवृद्ध व पोषणात उण्या होत्या. दुसऱ्यांच्या आहारात कॅल्शिअम बहुधा पुरेसे होते. गोळी उणीव भरून काढते. जेथे उणीव नाही, तेथे तिचा उपयोग थोडा.

आमच्या वृद्धांच्या ताटात उणीव आहे, हे खरे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांस रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शिअम सांगितले आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत ते तीस मिलिग्रॅमही भरत नाही. पेलाभर दुधात मात्र सुमारे दोनशे चाळीस, व शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, दही, ताक ही आपल्या दारचीच आहेत. भोगीला भाकरीस तीळ लावतो, ते वर्षभर चटणीत घालावयास कोण मना करतो? परंतु पुष्कळ घरी पहाटेचे दूध डेअरीच्या केंद्रावर जाते, आजीच्या वाट्यास कोरा चहा येतो, आणि त्याच दुधाच्या पैशातून तिला गोळ्या आणल्या जातात! आमची तक्रार आहे ती या व्यवहाराविषयी.

गोळी देऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांस दूध चालत नाही, ज्यांचे हाड एकदा मोडले आहे, किंवा जे दीर्घकाळ स्टेरॉइड घेतात, त्यांस डॉक्टर ती देतील व ती अवश्य घ्यावी. एका वेळी पाचशे मिलिग्रॅमहून अधिक नीट अंगी लागत नाही. लोहाची गोळी तिच्याबरोबर घेऊ नये. मूतखड्याचा त्रास असणाऱ्याने विचारल्यावाचून घेऊ नये. मोबाइलवरील संदेश वाचून पानाचा चुना खाणे तर सर्वथा वर्ज्य समजावे. त्याने तोंड व अन्ननळी भाजण्याचे भय आहे.

विद्यार्थ्यांनो, तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे दुष्काळी मुलखातील मुलांस सांगणे न लगे. तुमची हाडे भरण्याचा काळ हाच आहे. दूध, डाळ, पालेभाजी खा, मैदानावर धावा. आणि आजीचे ऋण फेडावयाचे असेल, तर सकाळच्या उन्हात तिला हात धरून चालवा, मोरीतील शेवाळ घासून काढा, घरच्या दुधातील एक पेला डेअरीस जाण्यापूर्वी तिच्यापुढे ठेवा. हे पाकीट आणण्याहून कष्टाचे आहे, म्हणूनच ते तुमच्याकडून व्हावे.