डोळ्यांवरचं कातडं

मंडळी, आधी एक कबुली. फेब्रुवारी २०२४ मध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, असं मी तुम्हा सगळ्या नातेवाइकांना सांगितलं होतं. ते खोटं होतं. माझे दोन्ही मोतीबिंदू २०१७ सालीच निघालेत. तेव्हा ज्यांनी घरी डबे पोचवले होते त्यांच्याही हे लक्षात आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. असो. मी केलं होतं ते पापण्यांचं ऑपरेशन. वरच्या पापण्यांवर लोंबणारी जादा कातडी काढून टाकतात ते. डॉक्टरी भाषेत ब्लेफारोप्लास्टी.

आज हे सांगायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात माझ्या एका मावसबहिणीचा फोन आला. (गाव लिहीत नाही, नाहीतर लगेच ओळखाल.) आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "तू ते डोळ्यांचं करून घेतलंस ना गं? मी पण नाव घातलंय. छोटंसंच असतं ना?"

या 'छोटंसं' शब्दावर माझा राग आहे. दवाखान्यातली मुलगी तो शब्द हसून वापरते, डॉक्टर वापरतात आणि भिंतीवर लावलेल्या पंचविशीतल्या पोरीच्या फोटोखालीही तोच छापलेला असतो. दुसऱ्या बाजूला आपली घरची मंडळी. त्यांचा शब्द वेगळा : "या वयात कुणाला दाखवायचंय?" हे दोन्ही शब्द एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण काम एकच करतात. बाईचं तोंड बंद करतात. छोटंसं आहे तर विचारायचं काय, आणि लाजिरवाणं आहे तर विचारायचं कुणाला!

पुरुषांनी सत्तरीत मिशा काळ्या केल्या तर कुणी काही म्हणत नाही. कवळी बसवली तर "बरं झालं, चावता येईल" म्हणतात, पण कवळीने चेहराही भरतोच की. पापणीचं नाव काढलं की मात्र म्हातारी नटायला लागली.

आता खरं सांगते. मला संध्याकाळी कपाळ दुखायचं. वाचताना बोटाने पापणी वर धरायला लागायची. पुतण्याच्या लग्नात तिघांनी विचारलं, "काकू, झोप झाली नाही का?" डॉक्टरांनी नजरेचा आवाका मोजण्याची तपासणी दोनदा केली, एकदा आहे तशी आणि एकदा पापण्या चिकटपट्टीने वर धरून. फरक फार नव्हता. म्हणजे निम्मं तरी मी दिसण्यासाठीच केलं. केलं तर केलं. पेन्शनचे पैसे माझे, चेहरा माझा. विमा कंपनीने अर्थातच काही दिलं नाही. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया त्यात बसत नाही. जीएसटीत आरोग्यसेवेला असलेली सूटही याला लागू नाही, हे बिल हातात आल्यावर कळलं.

गंमत म्हणजे हा काही कालपरवाचा थिल्लरपणा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, आत वळलेले पापण्यांचे केस डोळ्याला टोचतात त्या व्याधीसाठी, पापणीवरची जवाच्या आकाराची कातडी कापून केसाने शिवायला सांगितलंय. आणि शिवणारा वैद्य सावध असावा, हेही तिथे आहे. तो 'सावध' शब्द मला फार आवडला.

कारण माझ्या बाबतीत सावध कुणीच नव्हतं, मीसुद्धा नाही. दवाखान्यात एका मुलीने फॉर्म भरताना विचारलं, "बीपी, शुगर?" मी म्हटलं, बीपी. हृदयासाठी रोज रात्री घेते ती रक्त पातळ ठेवायची गोळी, ॲस्पिरिन, तिने विचारली नाही आणि मी सांगितली नाही. विसरले नव्हते, बरं का. हृदयाचे डॉक्टर माझे जुने विद्यार्थी. ही गोळी निघाली असती तर त्यांना विचारावं लागलं असतं, आणि सातवीत ज्याला मी शुद्धलेखनासाठी उभं केलं त्याला "बाळ, मी पापण्या करून घेतेय" हे सांगायची मला लाज वाटली.

त्या रात्री डावी पापणी गळत राहिली. लाल डाग उशीवर, मग टॉवेलवर. दवाखान्याचा फोन कुणी उचलेना. सून रात्रभर बर्फाची पुरचुंडी धरून बसली आणि दर अर्ध्या तासाने बोटं दाखवून विचारत राहिली, "आई, किती?" मला वाटलं, पोर घाबरून काहीतरी करतेय. नंतर समजलं की तेच बरोबर होतं. क्वचित, फार क्वचित, पण रक्त डोळ्याच्या मागे साठतं, दाब वाढतो आणि काही तासांत नजर कायमची जाऊ शकते. एकाच डोळ्यात जोराची कळ, डोळा पुढे आल्यासारखा, दिसणं कमी होतंय, असं झालं तर सकाळची वाट बघायची नसते. हे मला ऑपरेशनआधी कुणीही सांगितलं नव्हतं. माझं रक्त बाहेरच आलं, म्हणून आज लिहितेय. सकाळी दवाखान्यातून उत्तर मिळालं, "थोडं होतंच, आजी."

(गोळी आपली आपण बंद करायची नाही हं! ज्याने दिली त्याला आणि कापणाऱ्याला, दोघांना विचारायचं. स्टेंट घातलेल्या माणसाने परस्पर बंद केली तर पापणी राहील बाजूला.)

बाकी ऑपरेशन म्हणाल तर तासाभराचं. आधी बसवून पेनाने खुणा करतात, कारण आडवं झालं की कातडी सरकते. मग पापणीत सुई, ती झोंबते. त्यानंतर दुखत नाही, ओढल्यासारखं वाटतं, आणि रक्तवाहिन्या डागताना जळका वास येतो. शिवण पापणीच्या घडीत लपते. त्याच दिवशी घरी.

पण 'घरी' म्हणजे बरं नव्हे. तिसऱ्या दिवशी मी आरशात पाहिलं तर कुणीतरी ठोसे मारलेली बाई. निळं काळं पुढे गालांवर उतरतं आणि पिवळं होऊन जायला दोन आठवडे लागतात. टाके सहाव्या दिवशी निघाले. मलमाने सगळं धूसर, शब्दकोडंसुद्धा सोडवता येईना. झोपेत पापण्या पुरत्या मिटत नव्हत्या, त्यामुळे सकाळी डोळ्यांत वाळू. ज्यांचे डोळे मुळात कोरडे आहेत त्यांचे हाल जास्त. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं अडकवून आधीच पाहता येतं की अश्रू पुरेसे आहेत का. पाच मिनिटं! माझ्या बाबतीत तीही कुणाकडे नव्हती. वाकणं, बादली उचलणं बंद. दोन्ही डोळे सारखे दिसायला दीड महिना गेला, आणि व्रणाचा गुलाबीपणा त्यानंतरही बराच काळ होता.

आणि जे जात नाही तेही ऐका. डोळ्यांखालची काळी वर्तुळं तशीच आहेत. कोपऱ्यातल्या सुरकुत्याही. भुवया तर उलट थोड्या उतरल्या, कारण इतकी वर्षं पापणीचं ओझं वर धरायला कपाळ त्यांना ओढून ठेवत होतं, ते काम संपलं. ज्यांची पापणी कातडीमुळे नव्हे तर उचलणारा स्नायू सैल पडल्याने खाली येते, त्यांना तर कातडी काढून काही उपयोगच नाही. ते ऑपरेशन निराळं. खालच्या पापणीबद्दल मी बोलत नाही, ती मी केली नाही. डॉक्टरांनी कातडी कमी काढली म्हणून मात्र कुरकुर करू नये. जास्त कापली तर डोळा मिटत नाही, आणि ती परत आणायची तर दुसरीकडची कातडी लावावी लागते.

मला पश्चात्ताप झालाय का? नाही. कपाळ दुखायचं थांबलं. पुस्तक दोन्ही हातांत धरता येतं. आणि हो, आरशात बघायला बरं वाटतं, वन्सं, तुम्ही वाचत असाल तर तुम्हालाही सांगते.

मावसबहिणीला हे सगळं फोनवर सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "मला तर गोळ्यांचं कुणीच विचारलं नाही." तारीख पुढे ढकललीय. आता आधी हृदयाचे डॉक्टर, मग अश्रूंची ती पट्टी, आणि रात्री कुणाला फोन करायचा त्या माणसाचं नाव कागदावर लिहून घ्यायचं. पहिल्या रात्री मी तिच्याकडे मुक्कामाला जाणार आहे, बोटं दाखवायला. घरात काय सांगायचं यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. ती म्हणते, मोतीबिंदू सांगू.