ओळ टिकली, बिऱ्हाडे गेली

मलेशियातल्या जॉर्ज टाउनच्या जुन्या पेठेत घरांच्या सलग ओळी आहेत. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दर्शनी बाजू अरुंद, घर मात्र आत लांबवर गेलेले. उजेड-वारा मधल्या चौकातून येतो. दुकानांपुढच्या छपराखालून भर पावसातही कोरडे चालता येते. दोन घरांत भिंत एकच, त्यामुळे एक पाडले की शेजाऱ्याची भिंत उघडी पडून ओल धरते. २००८ मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारसा ठरवला. पण २००० सालीच भाडेनियंत्रण उठले होते आणि जुने भाडेकरू पांगू लागले होते. दर्शनी भाग रंगवून आत हॉटेल थाटणे हे जतन नव्हे. म्हणूनच मुंबईत गिरगाव-काळबादेवीच्या पुनर्विकासाचे नियम ठरवणाऱ्यांनी राहत्या भाडेकरूंचा विचार आधी करावा.