बटवा हवा, आजी नको

‘आजीचा बटवा’ ही अक्षरं पडद्यावर दिसली की माझा अंगठा आपोआप वर सरकतो आणि पुढचं रील येतं. टिपांशी माझं काही वैर नाही. एरंडेल चोळलेल्या तूरडाळीच्या आमटीवरच मी वाढले आहे. माझं भांडण आहे ते आपल्या एका सवयीशी. आजीकडून टिप काढून घ्यायची आणि आजीला तिथेच ओट्यापाशी सोडून द्यायचं, ही ती सवय.

साचा तुम्हाला पाठ आहे. पांढरे केस, सुती पातळ, मागे पितळी डब्यांची रांग, जोडीला बासरी. वर मोठ्या अक्षरांत ‘आजीची सिक्रेट टिप’. मग अर्ध्या मिनिटात मेथीचा कडूपणा कसा घालवायचा, थंडीत इडलीचं पीठ कसं फुगवायचं, करपलेली कढई कशी घासायची. शेवटी आजी हसते, आपण बदाम दाबतो. तिचं नाव काय, गाव कोणतं, हे तिला कुणी शिकवलं, याची चौकशी होत नाही. ती आजी आहे, एवढं पुरतं. जगातल्या सगळ्या आज्या मिळून एकच आजी असल्यासारखं.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की टिप म्हणजे प्रश्न कापून टाकलेलं उत्तर. आणि आजीचं आयुष्य त्या कापलेल्या भागात असतं.

माझी आजी साताऱ्याच्या माण तालुक्यातली. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. गेल्या उन्हाळ्यात ती वर्षाची तूरडाळ भरत होती आणि माझा आतेभाऊ फोन धरून समोर उभा होता. ‘आजी, पटकन एक टिप सांग ना.’ आजीने सांगितलं, ‘डाळीला एरंडेल चोळायचं, ऊन दावायचं, आन मग डब्यात भरायची.’ टिप संपली. आजी मात्र थांबली नव्हती. ‘बाहत्तरला घरात हुती तेवढी डाळ किडली असती, तर दुसरी आणायची कुठनं? रेशनवर मिलो मिळायची, लाल लाल. पोरं तोंडात धरत न्हवती. आमी तळ्याच्या कामावर. तितला मुकादम मातीच्या पाट्या कमी लिवायचा. मला लिवता येत न्हवतं. म्या दर पाटीला एक खडा पदरात बांधायची. सांजच्याला खडं त्याच्या म्होरं वतायची. म्हणायची, मोज आता.’

रील पस्तीस सेकंदांचं झालं. त्यात एरंडेल आलं, बाहत्तर आलं नाही. खडे आले नाहीत, मुकादमही आला नाही. खाली शेकड्याने ‘किती गोड आजी’ पडले.

गोड? जिला अक्षर ओळखता येत नव्हतं अशी एक तरणी बाई दुष्काळी कामावर रोज संध्याकाळी मुकादमाला हिशेब चुकता करायला लावत होती. ही माझ्या घराण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. ती एरंडेलाच्या थेंबाखाली पुसली गेली, कारण ती उपयोगाची नव्हती. डाळ साठवायला तिचा उपयोग काय?

आपण आजीकडे बघतो ते असं, मला काय मिळेल या नजरेने. भाकरी कुस्करून फोडणीला टाकणं आज ‘झिरो वेस्ट’ म्हणून मिरवतं. तांदळाचं धुवण केसांना लावून बाटलीतून विकलं जातं. जुन्या लुगड्याची गोधडी हजारांत जाते. या प्रत्येक गोष्टीमागे एका बाईचा काहीतरी कमी पडल्याचा दिवस आहे. धान्य कमी पडलं, कापड कमी पडलं, पैसा कमी पडला. त्या दिवसांची कारागिरी आपल्याला हवी आहे. ते दिवस का आले आणि कुणावर आले, हे ऐकायला वेळ नाही.

आता एक साधा प्रश्न. ‘आजोबांचा बटवा’ असं रील तुम्ही कधी पाहिलंत? माझे आजोबा एसटीत ड्रायव्हर होते. घरी कुणीही आलं की ते खाटेवर बसून घाटातले किस्से सांगतात. ब्रेक लागेना तेव्हा काय केलं, पुरात गाडी कुठे लावली. पाहुणा चहा गार होईस्तोवर ऐकतो. ‘आजोबा, पटकन एक टिप सांगा’ असं त्यांना कुणी म्हणत नाही. त्यांच्या बोलण्याला आपण अनुभव म्हणतो. आजीच्या बोलण्यातलं मीठ-मसाल्याचं तेवढं निवडून घेतो आणि बाकीच्याला बडबड म्हणतो. आजोबांच्या वाट्याला चरित्र, आजीच्या वाट्याला चटणी.

हे नुसतं माझ्या घरातलं रडगाणं नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवताना दिसल्या. असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं, आणि असे पुरुष मुळात चारांत जेमतेम एक. रोजची पाच तास, पन्नास-साठ वर्षं. त्या कामातून जे शहाणपण साचतं त्याला आपण टिपा म्हणतो. पन्नास वर्षं गाडी चालवणाऱ्याला कसबी म्हणतो आणि पन्नास वर्षं घर चालवणारीला गोड म्हणतो.

आणि हे काम संपलेलंही नाही. पुण्याच्या, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये नातवंडं सांभाळणारी आजी बघा. सहा महिन्यांच्या मुक्कामाला न्यू जर्सीला जाऊन लेकीचं बाळंतपण करून येणारी आजी बघा. बाळाला शेक कसा द्यायचा, मालिश कसं करायचं, हे तिला सगळे विचारतात. तिचा गुडघा दुखतो का, हे विचारायचं राहून जातं. ‘आईचा फार आधार आहे’ असं म्हणतात, पण त्या आधाराला सुट्टीचा वार नसतो.

इथे कुणीतरी म्हणेल, बाई, एवढं कशाला चिडायचं? निदान आजीचं ज्ञान टिकतंय तरी. आज्यांना कॅमेरा आवडतोही. खरं आहे, माझ्या आजीलाही आवडतो. अहमदनगरजवळच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरजवळच्या, सारोळा कासारच्या सुमन धामणे यांनी नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे चॅनल उभं केलं आणि लाखो लोक ते बघतात. मलाही ते आवडतं, कारण तिथे बाईला नाव आहे, गाव आहे, पदार्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे आणि कामाचं श्रेय तिचं आहे. माझी तक्रार कॅमेऱ्याबद्दल नाहीच. कात्री कुठे चालते, याबद्दल आहे.

‘ज्ञान टिकतंय’ हे मात्र मला मान्य नाही. ज्ञान कसं टिकतं याची एक गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. ही गोष्ट आपण अभिमानाने पुढे पाठवतो आणि खाली लिहितो, ‘आमच्या आजीला हे आधीच माहीत होतं.’ माहीत होतंच. पण पेटंट पडलं ते आजीच्या माहितीमुळे नाही, तर लिहिलेल्या पुराव्यांमुळे. त्यात जुने ग्रंथ होते, तसा १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. कुणीतरी बघितलं, तपासलं, तारीख घालून लिहून ठेवलं, म्हणून जिंकलो. तीस सेकंदांचं नाव-गाव नसलेलं रील अशा वेळी कशाच्या उपयोगाचं?

मराठी बायकांना हे फार आधी कळलं होतं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० सालचं. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० सालचं. कमलाबाईंनी वाटी-चमच्याचं माप दिलं. कोणत्याही नवख्या मुलीने पुस्तक उघडावं आणि तोच पदार्थ तसाच व्हावा, ही जबाबदारी त्यांनी घेतली. चुकलं तर विचारायला पानावर नाव होतं. त्यांनी ‘सिक्रेट’ काही ठेवलं नाही. आजीचा हात, आजीचा अंदाज, आजीची जादू, हे आपण म्हणतो, आणि त्यात एक चलाखी आहे. जादू म्हटलं की शिकायची जबाबदारी संपते. आजीचा अंदाज जादू नसतो. पिठावर पाण्याचा हात फिरवताना ती बोटाने ओल मोजते, फोडणीचा आवाज ऐकते, भाकरी कधी उलटायची ते तिच्या वरच्या पाण्यावरून ओळखते. विचारलंत तर ती सांगेल. पण ‘पटकन’ नाही सांगता येणार.

आता दुसऱ्या बाजूला वळते, कारण आजीला देव्हाऱ्यात बसवणंही तिचं तोंड बंद करण्याचाच प्रकार आहे. ‘आमच्या आज्या काय वेड्या होत्या का?’ हा प्रश्न विचारून कसलीही टिप खपवली जाते. वेड्या नव्हत्या. पण चुकीच्या ठरलेल्या गोष्टीही त्यांनी मनापासून केल्या. नवजात बाळाच्या जिभेवर मध लावणं ही त्यातली एक. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो, हे आज कोणताही बालरोगतज्ज्ञ सांगेल. आईचा पहिला चीक पिळून टाकून देणं ही दुसरी. तोच चीक बाळाचं पहिलं संरक्षण असतो. चटका बसला की टूथपेस्ट किंवा शाई लावणं ही तिसरी. त्यापेक्षा वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरा. तांदळाला बोरिक पावडर चोळणं ही चौथी. ती पोटात जाण्याची गोष्ट नव्हे.

यातल्या काही टिपा आजही बासरीच्या सुरावर फिरत आहेत. ज्या हाताने आपण हळदीचा अभिमान पुढे ढकलतो, त्याच हाताने मधाचं बोटही ढकलतो, कारण दोन्हीवर ‘आजी’चा शिक्का आहे. आणि एखादं बाळ आजारी पडलं तर? रील बनवणारा सापडत नाही. घरातल्या आजीला मात्र सगळे धरतात, ‘तूच लावलंस ना?’

विज्ञानाच्या नावाने सगळंच हसण्यावारी नेणारेही मला तितकेच कानफुटे वाटतात. कडधान्याला मोड आणले की त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, लोखंडी कढईतल्या आंबट भाजीत लोह उतरतं, हे प्रयोगशाळेनेही मान्य केलं आहे. भाविक सगळं गिळतो, टवाळ सगळं थुंकतो. चावून बघायची तसदी दोघंही घेत नाहीत.

मोठ्या माणसाशी वाद घालणं म्हणजे अपमान, असं आपल्याला शिकवलंय. मला उलट वाटतं. ज्याचं बोलणं आपण मनावर घेतो त्याच्याशीच वाद घालतो. मी एकदा आजीला विचारलं, ‘बाळाला मध लावायचं तुला कुणी सांगितलं?’ ती म्हणाली, ‘सासूनं.’ ‘आणि तुला काय वाटायचं?’ ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मला कुणी इचारलंच न्हाई आगं.’ पुढे आपणहून म्हणाली, ‘आन खरं सांगू? सैपाक मला कंदीच आवडला न्हाई. मला हिशेब आवडायचा.’

ऐंशी पार केलेल्या बाईने हे पहिल्यांदा उच्चारलं. तिच्या नावावर घरात चाळीस टिपा फिरतात, आणि त्या सगळ्या तिला न आवडणाऱ्या कामाच्या आहेत.

म्हणून माझं सांगणं आहे, टिप मागणं काही दिवस बंद करा. तिच्या शेजारी बसून शेंगा सोला, म्हणजे तिचं कामही हलकं होईल. मग विचारा. हे कुणाकडून शिकलीस? कधी फसलं होतं का? तेव्हा घरात कोण ओरडलं? आज सगळं हाताशी असतं तर असंच केलं असतंस का? तिचं नाव, माहेरचं गाव आणि साल घालून लिहून ठेवा. जे चुकीचं आहे ते तिच्या तोंडावर प्रेमाने सांगा, ती मोडणार नाही. तिने याहून कडक मुकादम पाहिले आहेत.

आणि रेकॉर्डिंग कराच, पूर्ण करा. ती डाळीवरून दुष्काळावर गेली, दुष्काळावरून भावाच्या लग्नावर गेली, तरी बटण दाबू नका. फोनची जागा भरली म्हणाल, तर बटव्याची रील्स डिलीट करा. बरीच जागा होईल.