गोंगाटाला जागा हवी

‘जे सकस असते ते टिकतेच’ हे वाक्य आपल्या समीक्षेत सुभाषितासारखे फिरत असते. ते ऐकायला बरे वाटते, कारण ते उच्चारणाऱ्यावर कसलीच जबाबदारी टाकत नाही. सकस ते आपोआप टिकणार असेल, तर त्याला जागा कोणी द्यायची आणि त्याचे फसलेले पहिले प्रयत्न कोणी सोसायचे, हे प्रश्नच उरत नाहीत. या सुभाषिताचा पोकळपणा तपासायचा असेल तर क्षणभर साहित्याबाहेर, दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टनच्या ‘विंडमिल’ या पबकडे पाहावे.

जवळच १८१६ साली बांधलेली एक पवनचक्की उभी असलेल्या या पबमध्ये जेमतेम दीडशे माणसे मावतात. ‘ब्लॅक मिडी’ हा बॅन्ड २०१७ साली येथे वाजवू लागला. विशीच्या उंबरठ्यावरची चार मुले. नावावर एकही ध्वनिमुद्रिका नाही. गिटारचे कर्कश चीत्कार, जमतो न जमतो तोच मोडणारा ताल, गाण्यापेक्षा बरळण्याच्या जवळ जाणारा स्वर. ‘कॅन’ या जर्मन बॅन्डचे पूर्वीचे गायक दामो सुझुकी २०१८ मध्ये याच पबमध्ये त्यांच्याबरोबर उत्स्फूर्त गायले. २०१९ मध्ये ‘श्लागेनहाइम’ हा पहिला अल्बम आला आणि त्या वर्षीच्या मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोचला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे संगीत नव्हे, गोंगाट आहे. पण गोंगाटाला कलेचे द्रव्य मानण्याचा विचार लुइजी रुसोलोने १९१३ सालीच मांडला होता. शिवाय ही मुले क्रॉयडनच्या ब्रिट स्कूलमध्ये शिकलेली. व्याकरण येत नाही म्हणून मोडलेले वाक्य आणि व्याकरण पचवून मोडलेले वाक्य यांतला फरक मर्ढेकर शिकवताना आपण वर्गात तासभर समजावून सांगतो. मग कानाशी गाठ पडताच तो विसरायचा, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप अधिक धूर्त आहे: एवढे चांगले असेल तर मोठी सभागृहे बोलावतीलच. बोलावतात, पण नंतर. मोठ्या सभागृहाला खपलेल्या तिकिटांची हमी लागते आणि प्रयोगाजवळ नेमकी तीच नसते. छोटी जागा म्हणजे आपोआप थोर कला, असे आमचे म्हणणे नाही. तेथे बरेचसे सुमारच वाजते. पण सुमार वाजवून पुन्हा येण्याची मुभा तेथे असते आणि या मुभेतूनच कधीतरी काही घडते. ब्रिटनमध्ये एकट्या २०२३ साली अशी सव्वाशे ठिकाणे बंद पडली किंवा तेथले वादन थांबले. ती काही निकस संगीताने बुडवली नाहीत. भाडे, वीजबिल आणि शेजारी उभ्या राहणाऱ्या घरांच्या तक्रारी यांचा त्यात मोठा वाटा आहे. जुन्या संगीतस्थळाशेजारी नवी घरे बांधणाऱ्यानेच आवाजाचा बंदोबस्त करावा, हे तत्त्व इंग्लंडच्या नियोजन धोरणात यायला २०१८ साल उजाडले. जे टिकत नाही ते निकस होते असे म्हणणे, म्हणजे घरमालकाला समीक्षक नेमणे होय.

आपल्याला हे परके वाटू नये. दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह मिळाले नसते, तर सत्तरच्या दशकातील प्रायोगिक रंगभूमीवरची किती प्रकरणे आज आपल्या अभ्यासक्रमात असती? तरीही आपण संहिता शिकवतो, सभागृह तळटीपेत ढकलतो.

‘ब्लॅक मिडी’ हा बॅन्ड २०२४ मध्ये थांबला. ‘पाहा, टिकला नाही’ असे आता कोणी म्हणेलच. त्याला एवढेच सांगावे की बॅन्ड थांबला तरी बिघडत नाही. पुढच्या चार मुलांना वाजवायला ती खोली शिल्लक राहिली पाहिजे. टिकवायचे असते ते तिला, आणि ती आपोआप टिकत नाही.