दात घासायचा ब्रश राहिला!

गावाला निघताना कितीही आठवून बॅग भरा, काहीतरी राहतंच. म्हणून मैत्रिणींनो, हे ऐकून तुम्हांला जरा बरं वाटेल. १६ जून १९६३ रोजी जगातली पहिली स्त्री अंतराळात गेली, तेव्हा तिच्या सामानात अन्न होतं, पाणी होतं, टूथपेस्टसुद्धा होती. ब्रश तेवढा नव्हता! आणि सामान भरणारे कोण, तर मोठमोठे तज्ज्ञ. तिनं मुकाट्यानं हातानंच दात घासले.

व्हॅलेंतिना तेरेश्कोवा तिचं नाव, वय २६. वडील लढाईत गेले तेव्हा ती अगदी लहान. आईनं कापडगिरणीत राबून तीन मुलं वाढवली, आणि पुढे लेकही गिरणीतच लागली. फावल्या वेळात ती विमानातून पॅराशूटनं उड्या मारायला शिकली. तेच कामी आलं, कारण त्या यानातून परतताना शेवटी बाहेर पडून पॅराशूटनंच जमिनीवर यावं लागे.

आईला तिनं सांगितलं, पॅराशूटच्या सरावाला चालले आहे. खरं काय ते आईला बातम्यांतून कळलं! लेक पृथ्वीभोवती फिरतेय हे ऐकून त्या माउलीनं हातातलं काम टाकलं असेल की तशीच करत राहिली असेल, मला राहून राहून वाटतं.

जवळजवळ ७१ तासांत तिनं ४८ फेऱ्या मारल्या. मध्येच लक्षात आलं की यानाची मांडणी चुकली आहे, उतरायच्या वेळी ते खाली येण्याऐवजी आणखी वर जाईल. तिनं कळवलं, दुरुस्ती झाली, ती सुखरूप उतरली. पण मुख्य रचनाकार कोरोल्योव्ह यांनी विनंती केली, हे कुणाला सांगू नकोस. तिनं कित्येक वर्षं सांगितलं नाही. आपण दूध उतू गेलेलं शेजारी सांगतो!

तिच्याबरोबर आणखी चौघी तयार झाल्या होत्या, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. त्यांतली व्हॅलेंतिना पोनोमार्योव्हा शिकलेली, विमान चालवणारी, लग्न झालेली. घरी लहान मुलगा ठेवून ती सरावाला जाई. चौघींपैकी एकीचीही पाळी आली नाही. १९६९ मध्ये तो गटच मोडला, आणि त्यांची नावंही बरीच वर्षं गुप्त राहिली. दुसरी स्त्री, स्वेतलाना सावित्स्काया, अंतराळात गेली ती थेट १९८२ साली. मध्ये १९ वर्षं! "बायकांना झेपत नाही" म्हणायला कुणाला ही वर्षं पुराव्यासारखी वाटली असतील. या चौघींना विचारायला हवं होतं.

बरं, एकदा जाऊन आल्यावर हौस फिटावी की नाही? पण नाही. सत्तरी गाठल्यावरही तेरेश्कोवाबाई म्हणाल्या, मंगळावर जायला मी तयार आहे, परतीचं तिकीट नसलं तरी चालेल. वाचलं आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर यावेळी बॅग कोण भरणार?