घराचे कुलूप, घराची शिस्त

लग्नसराई आली किंवा कुटुंबाने यात्रेचा बेत केला, की व्यापारी घरात दोन ठिकाणी कुलपे लागतात. दुकानाच्या शटरला दोन्ही बाजूंस भक्कम कुलूप, मध्ये सेंट्रल लॉक, गल्लीत राखणदार आणि शेजारच्या पेढीवर आठवणीने दिलेला निरोप. घराच्या दाराला मात्र वीस वर्षांपूर्वीचे एकच कुलूप आणि त्याची दुसरी किल्ली चपलांच्या कपाटात. वास्तविक दुकानातील मालाचा बहुधा विमा असतो, तो पुन्हा भरता येतो. घरात आजीच्या पाटल्या, सुनेचे स्त्रीधन, जागेची खरेदीखते आणि मुलांची प्रमाणपत्रे असतात. जे गेल्यावर परत मिळत नाही, तेच कमी बंदोबस्तात ठेवण्याची ही रीत बदलावयास हवी.

प्रथम कुलपाविषयीचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. न उघडणारे कुलूप अस्तित्वात नाही. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कारागिराने अभेद्य समजले जाणारे चब कंपनीचे कुलूप २५ मिनिटांत उघडले. त्यानंतर ब्रामा यांचे कुलूप त्याने हाती घेतले. ते उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस कित्येक वर्षे लावलेले होते. त्यासाठी त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. दोन्ही कुलपे उघडली, परंतु २५ मिनिटे आणि ५१ तास यांतील अंतर महत्त्वाचे आहे. उत्तम कुलूप चोरास कायमचे थोपवीत नाही, ते त्याचा वेळ खाते. आणि चोरापाशी वेळच सर्वांत कमी असतो. १८९७ साली आर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून चांगले कुलूप आपल्याकडे सहज मिळू लागले आहे. उणीव राहते ती ते बसविण्यात आणि वापरण्यात.

बाहेरच्या कडीला लटकणारे कुलूप, घरात कोणी नाही, हे रस्त्यावरून सांगते. शिवाय कुलूप न फोडता कोयंडाच उचकटून काढता येतो. दाराच्या आत बसणारे कुलूप या दोन्ही दृष्टींनी बरे. त्यातही दार ओढताच आपोआप लागणाऱ्या लॅचवर विसंबू नये. त्याची तिरकी जीभ स्प्रिंगवर चालते आणि पातळ पट्टीने मागे सारली जाऊ शकते. किल्ली फिरवल्यावर चौकटीत खोल जाणारा डेडबोल्ट तसा मागे ढकलता येत नाही. दाराचे बळ चौकटीएवढेच असते. वाळवी लागलेल्या चौकटीत आखूड स्क्रूने बसविलेली पट्टी एका लाथेत निखळते, मग कुलूप कितीही किमती असो. जुन्या वाड्यांत दारामागे भिंतीतून भिंतीत जाणारी आगळ असे, तिचे मर्म हेच होते. पुढचे दार भक्कम करून गच्चीचे दार, स्वयंपाकघराची खिडकी आणि न्हाणीघराची तावदाने तशीच सोडणे म्हणजे अर्धेच घर बंद करणे होय. नव्या जागेत राहावयास जाताना किंवा भाडेकरू बदलताना कुलपाचा आतील सिलिंडर बदलून घ्यावा, कारण जुन्या किल्ल्या किती हातांत आहेत हे कोणीच सांगू शकत नाही.

तिजोरीबाबतही थोडा विवेक हवा. लोखंडी कपाटातील चोरकप्पा म्हणजे तिजोरी नव्हे. लहान तिजोरी नुसती कपाटात ठेवली, तर चोर ती उघडण्याच्या भानगडीत न पडता उचलूनच नेतो. म्हणून ती काँक्रीटच्या भिंतीस किंवा जमिनीस बोल्टने जखडलेली असावी. आगीपासून रक्षण करणारी तिजोरी आणि फोडीस दाद न देणारी तिजोरी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कागदपत्रांसाठी पहिली, दागिन्यांसाठी दुसरी. दोन्ही गुण हवे असल्यास खरेदीपूर्वी तसे विचारून घ्यावे. आकडी कुलपाचा कारखान्यातून आलेला क्रमांक पहिल्याच दिवशी बदलावा. नवा क्रमांक वाढदिवसाचा किंवा दुकानाच्या फोनचा नसावा. तिजोरीची आपत्कालीन किल्ली तिजोरीतच ठेवण्याची चूकही अनेक घरांत होते.

रोज न लागणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे इष्टच. मात्र तेथेही जबाबदारी अमर्याद नाही. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी अशा कारणांनी नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट एवढे आहे. भाडे ४,००० रुपये असेल, तर ही रक्कम ४ लाख रुपये होते. म्हणून दागिन्यांचा विमा, त्यांची छायाचित्रे, वजने, पावत्या आणि हॉलमार्कसोबतचा सहा अक्षरांचा क्रमांक यांची यादी करावी व ती तिजोरीबाहेर सुरक्षित ठेवावी. परिग्रह-परिमाणाचे व्रत घेणाऱ्या श्रावकास आपल्याजवळ काय आणि किती आहे, हे मोजावेच लागते. तीच सवय येथे उपयोगी पडते. यादी करताना पुष्कळ गोष्टी अनावश्यक असल्याचेही ध्यानात येते, आणि जेवढे कमी, तेवढी राखण सोपी.

या साऱ्याहून अवघड प्रश्न निराळाच आहे. अनेक घरांत तिजोरीचा क्रमांक एकट्या कर्त्या पुरुषास ठाऊक असतो. तो अकस्मात अतिदक्षता विभागात दाखल झाला, तर विम्याचे कागद, ठेवीच्या पावत्या आणि उपचारास लागणारी रोकड घरातच असूनही घरच्यांच्या हाती लागत नाही. जिचे स्त्रीधन त्या तिजोरीत आहे, त्या गृहिणीसच ती उघडता येऊ नये, ही सुरक्षितता नव्हे. किल्ली व क्रमांक किमान दोघांस ठाऊक असावेत आणि त्यांपैकी एक गृहिणी असावी. तिसऱ्या कोणास ते कळू नयेत. मोलकरणीवर किंवा नोकरावर संशय घेत राहण्यापेक्षा तिजोरी सर्वांदेखत न उघडणे आणि घरातील सोन्याची चर्चा मुलांसमोर व पाहुण्यांसमोर न करणे अधिक सुसंस्कृत आणि अधिक परिणामकारकही आहे.

यात्रेस निघताना दूध व वृत्तपत्र बंद करावे, विश्वासू शेजाऱ्यास सांगावे, पोलीस ठाण्यात कळवावे आणि छायाचित्रे परतल्यावरच सर्वांना दाखवावीत. न दिलेली वस्तू घेऊ नये, हे अचौर्य प्रत्येक श्रावक स्वतःसाठी पाळतो. आपल्या निष्काळजीपणाने दुसऱ्याच्या मनात मोह जागा होऊ नये, एवढी दक्षता घेणेही त्या व्रताच्या भावनेस धरूनच आहे.