हिरवा चष्मा उतरला, सोनेरी टोपीचं काय?

'द वंडरफुल विझार्ड ऑफ ऑझ' ही एल. फ्रँक बॉम या अमेरिकन लेखकाची कादंबरी 1900 साली प्रसिद्ध झाली. मुलांसाठी लिहिलेलं हे पुस्तक जगभर वाचलं गेलं आणि 1939 च्या हॉलिवूड चित्रपटानं ते आणखी दूर नेलं. 'मुलांच्या गोष्टीत कसलं राजकारण शोधता?' असं विचारणारे पुष्कळ भेटतात. आमचं उत्तर सरळ आहे. कोणाला घाबरायचं, कोणापुढे वाकायचं आणि कोणाला राबवून घेतलं तरी चालतं, हे माणूस आधी गोष्टींतून शिकतो. कायदा आणि संविधान त्याच्या हाती फार उशिरा पडतात. म्हणून मुलांची गोष्टसुद्धा तपासूनच वाचली पाहिजे.

गोष्ट थोडक्यात अशी. कॅन्ससच्या माळरानावरची डोरोथी वादळात घरासकट उडते आणि ऑझ नावाच्या देशात येऊन पडते. परत जायचं तर पाचूनगरीच्या महाजादूगाराला शरण जा, असं तिला सांगितलं जातं. वाटेत तिला तिघे सोबती मिळतात. बुजगावण्याला मेंदू हवाय, पत्र्याच्या लाकूडतोड्याला हृदय हवंय आणि भित्र्या सिंहाला हिंमत हवीय.

आता या तिघांची वागणूक पाहा. दरी लागते तेव्हा झाड तोडून पूल करायची युक्ती बुजगावण्याचीच असते. लाकूडतोड्याच्या पायाखाली एक किडा मरतो, तर तो इतका रडतो की त्याचा जबडा गंजून बसतो. सिंह एकेकाला पाठीवर घेऊन दरीवरून झेप घेतो. म्हणजे जे नाही म्हणून तिघे झुरतात, ते त्यांच्याकडे आधीपासून आहे. बुजगावण्याच्या मनात तर ही उणीव एका म्हाताऱ्या कावळ्यानं भरवलेली आहे. जादूगार शेवटी काय देतो? कोंड्यात सुया-टाचण्या मिसळून भरलेलं डोकं, भुसा भरलेलं रेशमी हृदय आणि एक पेय. हा लायकीचा दाखला झाला. लायकी त्यांची, शिक्का मात्र वरच्याचा. 'मेरिट' या शब्दाचा मार पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या समाजाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी गोष्ट चष्म्याची. पाचूनगरीत शिरताना द्वारपाल प्रत्येकाच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवतो आणि कुलूप लावतो. राजाज्ञाच तशी आहे. पुढे डोरोथीचा कुत्रा टोटो पडदा पाडतो आणि मागे उभा असलेला साधा म्हातारा दिसतो. तो ओमाहा शहरातला, सर्कशीच्या फुग्यातून उडणारा माणूस निघतो. तो स्वतःच कबूल करतो की नगरी इतर शहरांपेक्षा हिरवी नाही. लोकांनी इतकी वर्षं चष्मा लावलाय की त्यांना ती हिरवीच वाटते. समाजशास्त्रात ज्याला वैचारिक वर्चस्व म्हणतात, ते बॉमनं मुलांना कळेल अशा भाषेत सांगितलं. 1939 च्या चित्रपटात हा चष्माच गाळला आहे. तिथे नगरी खरोखरच हिरवी आहे. गोष्टीतली सर्वात बोचरी गोष्ट पडद्यावर नाहीशी झाली.

इथवर पुस्तक आपल्या बाजूचं वाटतं. बहुतेक वाचक इथेच थांबतात. आम्हाला इथून पुढे जायचं आहे.

ऑझमध्ये पंख असलेली माकडं आहेत. त्यांना वश करणारी एक सोनेरी टोपी आहे. जो टोपीचा मालक, त्याची तीन कामं माकडांनी करायचीच. दुष्ट चेटकिणीनं याच टोपीच्या बळावर त्यांच्याकडून हिंसा करवून घेतली. ती मेल्यावर टोपी डोरोथीकडे येते. माकडांचा राजा तिला आपली कहाणी सांगतो : आम्ही जंगलात मोकळे होतो; माझ्या आजोबांच्या काळी माकडांनी एकाची चेष्टा केली, त्याची ही शिक्षा. चेष्टा आजोबांच्या पिढीची, वेठ नातवंडांना. जन्मानं चिकटलेली शिक्षा म्हणतात ती हीच.

डोरोथी हे सगळं ऐकते. ती मायाळू मुलगी आहे. पण त्यानंतरही ती टोपी आणखी दोनदा वापरते. 'तुम्ही मोकळे' असं तिच्या तोंडून येत नाही. शेवटी ग्लिंडा नावाची भली चेटकीण आपली तीन कामं आधी करवून घेते आणि मग टोपी माकडांच्या राजाला देते. कहाणी ऐकून हळहळणं वेगळं आणि हातातली टोपी सोडणं वेगळं. पुस्तकातली सगळी भली माणसं या परीक्षेत नापास होतात किंवा उशिरा पास होतात, आणि लेखकाला त्यात काही खटकत नाही.

का खटकत नाही? 1964 साली हेन्री लिटलफील्ड या शिक्षकानं या कादंबरीचा गाजलेला अर्थ लावला : बुजगावणं म्हणजे शेतकरी, लाकूडतोड्या म्हणजे कारखान्यातला कामगार आणि पंखवाली माकडं म्हणजे अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातले आदिवासी. बॉमच्या मनात हे होतंच, याला पुरावा नाही. पण आदिवासींविषयी बॉमच्या मनात काय होतं, याला पुरावा आहे. तो साउथ डाकोटातल्या ॲबरडीन गावी एक साप्ताहिक चालवत होता. 15 डिसेंबर 1890 ला लाकोटा नेते सिटिंग बुल मारले गेले. 29 डिसेंबरला वूंडेड नी इथे अमेरिकन सैन्यानं स्त्रिया-मुलांसह शेकडो लाकोटांची कत्तल केली. या दोन्ही घटनांनंतर बॉमनं संपादकीय लिहून उरलेल्या आदिवासींचा समूळ नाश करावा, असा सल्ला दिला. दहा वर्षांनी त्याच लेखणीतून ऑझ उतरलं.

'तो काळच तसा होता' ही पळवाट इथे चालत नाही. बॉमची सासू माटिल्डा जोस्लिन गेज ही स्त्री-मताधिकाराची लढाऊ कार्यकर्ती होती. तिनं आदिवासी समाजातल्या स्त्रियांच्या हक्कांबद्दल आदरानं लिहिलं. 1893 साली मोहॉक समाजाच्या लांडगा कुळानं तिला मानाचं सदस्यत्व दिलं. 1898 साली ती वारली ती शिकागोत, बॉमच्याच घरी. काळ एकच, घर एकच. तिला आदिवासी माणूस दिसला, जावयाला दिसला नाही. 2006 साली बॉमच्या काही वंशजांनी लाकोटांची माफी मागितली. तेव्हा ही गोष्ट आज आम्ही उकरून काढलेली नाही.

मग पुस्तक फेकून द्यायचं का? आमचं मत, नाही. ढोंगी सत्तेचा पडदा पाडायला शिकवणारं इतकं सोपं पुस्तक क्वचित मिळतं. पण जादूगाराचं ढोंग ओळखणारा लेखकसुद्धा डोळ्यांवर स्वतःचा चष्मा ठेवूनच लिहीत असतो. पुरोगामी म्हणून मिरवणारं लेखन आपण अनेकदा एवढ्यावरच डोक्यावर घेतो की ते राजाची टिंगल करतं. राजाची टिंगल सोपी असते. कसोटी वेगळीच आहे : त्या लेखनात वेठीला धरलेल्या माणसाच्या डोक्यावरची मालकी कोण सोडतं, कधी सोडतं आणि त्याआधी किती कामं करून घेतं?

वस्तीतल्या अभ्यासिकेत, वाचनालयात हे पुस्तक जरूर ठेवा. मुलांना ते आनंदानं वाचू द्या, हसू द्या. वाचून झालं की एवढंच विचारा : माकडांच्या राजानं ही गोष्ट सांगितली असती, तर ती कुठून सुरू झाली असती? आमची खात्री आहे, मुलं उत्तर देतील. आणि त्यांचं उत्तर बॉमच्या पुस्तकापेक्षा मोठं असेल.